थंडीची तालीम

मुलीने कॅनडाच्या विद्यापीठाला अजून होकार कळवला नव्हता आणि मुदत रविवारी रात्री संपत होती. शनिवारी सकाळी आम्ही तिला बर्फ दाखवायला निघालो.

कल्पना माझ्या नवऱ्याची. काय अडलंय, असं आम्ही तिला महिनाभर विचारत होतो. एकदा जेवताना ती म्हणाली, "इट्स टू कोल्ड देअर." तेवढंच. नवरा अबू धाबीजवळच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या भागात एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये प्रॉडक्शन मॅनेजर आहे. वेल्ड टिकेल का अशी शंका आली तर तो चर्चा करत नाही, एक नमुना करून तोडून बघतो. मुलगी अबू धाबीत जन्मली, तिथेच वाढली. तिला थंडी म्हणजे मॉलचा एसी. तेव्हा तिला एकदा शून्याखाली उभं करावं, तास-दोन तास ठेवावं, म्हणजे काही होत नाही हे तिचं तिलाच कळेल, असा त्याचा हिशेब. मलाही तो पटला. तिच्या वाक्याचा दुसरा काही अर्थ असेल असं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

दुबईच्या मॉलमधला मोठा बर्फ शनिवारी माणसांनी भरलेला असतो, म्हणून त्याने उत्तरेकडच्या एका अमिरातीतली लहान जागा शोधली. एका मॉलला मागून चिकटवलेला पत्र्याचा लांब हॉल, आत एक उतार, शिकणाऱ्यांसाठी त्याहून छोटा उतार आणि एक चेअरलिफ्ट. ऑफिसातला कोणीतरी म्हणाला होता, छोटी आहे पण छान आहे. छोटी होती.

निघताना त्याने डिकीत थंडीची बॅग टाकली. आम्ही राहतो त्या शाबिया वस्तीत, आमच्या बिल्डिंगमध्ये आणि आसपास जी मराठी घरं आहेत त्या सगळ्यांत मिळून गरम कपड्यांची एकच बॅग आहे. जो युरोपला किंवा जॉर्जियाला जातो तो ती नेतो, परत आल्यावर कपडे धुऊन पुढच्याकडे पोचवतो. आतलं कुठलं जॅकेट मूळ कोणाचं, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

"बाबा, दे गिव्ह यू जॅकेट्स देअर," मुलगी म्हणाली.

"इथे देतील. टोरांटोला कोण देणार आहे?"

तिने कानात इअरफोन घातले आणि मागच्या सीटवर आडवी झाली. अडीच तासांच्या रस्त्यात ती एकदाच बोलली, ते पेट्रोल पंपावर कडक चहा मागायला.

मे संपत आला होता. पार्किंगपासून मॉलच्या दारापर्यंत चालताना नवऱ्याच्या हातात तीन जॅकेटं आणि माझ्या हातात कानटोप्या होत्या. सिक्युरिटीवाल्याने आमच्याकडे वळून पाहिलं.

काउंटरवर एक फिलिपिनो मुलगी होती. तिने आधी आमची जॅकेटं परत कारमध्ये ठेवायला सांगितली, कारण आत त्यांचेच कपडे घालावे लागतात. मग म्हणाली की आज शिकणाऱ्यांचा उतार बंद आहे. "स्नो इज अ लिटल लो टुडे, मॅम." त्याबदल्यात चेअरलिफ्टच्या हव्या तेवढ्या फेऱ्या.

"कमी म्हणजे?" नवरा मला म्हणाला. "यंदा इकडे पडला नाही की काय?"

मग त्याने त्या मुलीला विचारलं की किती कॉम्प्रेसर चालू आहेत. तिला माहीत नव्हतं. तो हळहळला. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे तो आत येणारच नव्हता. हॉलच्या एका भिंतीला काच आहे आणि काचेपलीकडे कॉफी शॉप. तिथे बसून तो आम्हाला बघणार होता.

आत गेल्यावर पहिल्यांदा नाकाला ओल्या गोणपाटाचा वास आला. बर्फ म्हणून जे होतं ते डीप फ्रीजर साफ करायला बंद करून ठेवला की कडांना उरतं तसं, करडं आणि खडबडीत. मधेमधे खालची हिरवी मॅट उघडी पडली होती. दोन कामगार भिंतीलगतचा बर्फ फावड्याने ओढून मधे आणून टाकत होते. थंडी मात्र पूर्ण होती. भाड्याचे बूट माझ्या मापाचे नव्हते आणि पाऊल उचललं की टाच आतल्या आत वर यायची.

आम्ही दोघी लिफ्टच्या खुर्चीत बसलो. लिफ्टवरच्या माणसाने आमच्या मांडीवर लोखंडी दांडा खाली ओढला आणि "यल्ला" म्हणून खुर्ची ढकलली. आमच्या पुढच्या खुर्चीत दोन मल्याळी तरुण होते, एकमेकांचे व्हिडिओ काढत. आम्ही साधारण दीड मजला वर गेलो असू, तेवढ्यात दोर कचकन थांबला. खुर्ची पुढे-मागे झुलली आणि मग तीही थांबली.

खालून तो माणूस ओरडला, "बैठे रहो मॅडम, दो मिनट."

इथे माझा अर्धा जन्म गेलाय. दोन मिनिटं आणि इन्शाल्ला यांचा अर्थ मला कळतो. मी हात काखेत घातले.

मोबाइल वाजला. काचेपलीकडे नवरा उभा राहून हात हलवत होता.

"काय झालं?"

"बंद पडली."

"सेन्सर असणार. तिला थंडी वाजते का?"

"विचारते."

"विचारू नकोस, बघ. किती वाजते ते बघ."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले होते आणि उघड्या बोटांनी दांड्यावरचा बर्फाचा पापुद्रा खरवडत होती. जॅकेटची चेन अर्धी उघडी. माझेच दात वाजत होते.

"ठीक आहे ती," मी म्हणाले आणि फोन ठेवला. मग तिला म्हणाले, "तुला थंडी सहन होत नाही ना?"

"आय लाइक इट, आई."

"मग त्या दिवशी काय म्हणालीस?"

"मला काहीतरी म्हणायचं होतं. सो आय सेड कोल्ड. मला काय माहीत तुम्ही मला इथे आणाल?" ती हसली, पण लगेच थांबली. "मला नाही जायचं कॅनडाला."

घरी असं काही निघालं तर मी उठते. कुकर बघते, मशीनमधले कपडे काढते, तोवर ती तिच्या खोलीचं दार लावून घेते. मग दोन दिवसांनी तो विषय पहिल्यापासून. इथे मांडीवर दांडा होता. खाली हिरवी मॅट होती. समोर काचेत नवरा, त्याच्या हातात कागदी कप. उठून जाण्यासारखी जागाच नव्हती.

"मग कुठे जायचंय?"

"कुठेच नाही. इथेच." इथल्या एका विद्यापीठात तिला त्याच विषयाला प्रवेश मिळाला होता. शाळेच्या काउन्सेलरकडून अर्ज केला होता आणि आम्हाला सांगितलं नव्हतं.

"का नाही सांगितलंस?"

"बाबांनी मराठी मंडळात सगळ्यांना सांगून टाकलंय. गणपतीपर्यंत ती टोरांटोत असेल म्हणून. हाऊ डू आय से?"

मी तिला सरळ विचारलं, जसं कोणालाही विचारलं असतं. चार वर्षांचा कोर्स. बाबा अठ्ठावन्नचे. साठला कंपनी सोडते, फार तर वर्षभर वाढवते, तेही त्यांच्या मर्जीवर. ते नोकरीतून सुटले की त्यांच्यावरचा माझा व्हिसा गेला, घर गेलं. आम्ही पुण्याला जाणार. तुझा व्हिसा कॉलेज देईल, ठीक. सुट्टीत जाशील कुठे? कोर्स संपला आणि नोकरी नाही मिळाली तर?

"मग पुढचं बघू."

"बघू म्हणजे काय?"

"तुम्ही पण तेच केलं ना? मी केजीत होते तेव्हापासून तू म्हणतेस, दोन वर्षं बघू. एव्हरी टू इयर्स, सेम डायलॉग."

डायलॉग तोच होता, कारण व्हिसा दोन दोन वर्षांचाच येतो आणि आपण तेवढंच बोलतो. पंखा विकत घ्यायचा की नको, पडदे नवे करायचे की नको, सगळं आमच्याकडे त्याच मापाने ठरत आलं.

पुढचे दोघे आता गाणी म्हणायला लागले होते. खाली कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

"तिकडे पासपोर्ट मिळेल," मी म्हणाले. "इथे जन्मलीस तरी हे तुझं नाही. जन्मभर कोणाच्या तरी सहीवर राहशील. तिकडे निदान कोणी जा म्हणणार नाही."

"म्हणजे मी मला माहीत नसलेल्या जागी जाऊन राहायचं, सो दॅट पुढे कधीतरी मला तिथे राहता यावं?"

"हो."

मी विचार न करता हो म्हणाले, आणि विचार केल्यावरही मला ते खरंच वाटलं. आजही वाटतं.

तिने दांड्यावरचा उरलेला बर्फ खरवडून काढला. मग म्हणाली, "पुण्यात मी पाहुणी असते. तिकडे तर कोणीच नसेन. मला इथल्या सगळ्या बस माहीत आहेत, आई. माझ्या फ्रेंड्स इथे आहेत. मला जेव्हा जा म्हणतील तेव्हा मी जाईन. पण कोणी म्हणायच्या आधीच का जाऊ?"

फोन पुन्हा वाजला.

"अगं, मी त्यांच्या टेक्निशियनला भेटलो. खलास, झालंच, रीसेट करतायत. ती काय म्हणतेय?"

"खाली आल्यावर सांगते."

"थंडीचं काय?"

"थंडीचं काही नाही."

तो काचेपलीकडे मान हलवताना दिसला. त्याला वाटलं, चाचणी पास झाली.

"तू सांगशील बाबांना?" मुलीने विचारलं.

"नाही. तू सांगायचंस. आजच, आणि मराठीत, म्हणजे त्यांना अर्धवट कळलं असं म्हणता येणार नाही."

"तू माझ्या बाजूने आहेस का?"

"नाही. तू जावंस असंच मला वाटतं. पण हो-नाहीचं बटण तुझं आहे, मी दाबणार नाही आणि त्यांना दाबू देणार नाही."

ती हातमोजे घालायला लागली. दोर ओरखडल्यासारखा आवाज करून हलला, आम्ही वरून वळसा घेऊन खाली आलो. त्या माणसाने दांडा उचलला तेव्हा माझे पाय इतके बधिर झाले होते की उतरताना मी तिच्या खांद्याला धरलं.

तिने मॉलच्या फूड कोर्टमध्ये सांगितलं. नवऱ्याने शोरमा मागवला होता, तो गार होत गेला. तिचं मराठी मधेमधे तुटत होतं, पण तिने शेवटपर्यंत नेलं. तो मधे एकदाच बोलला.

"म्हणजे थंडी नाही?"

"नाही, बाबा."

"मग मला आधी सांगायचंस ना. मी शेजाऱ्यांकडून बॅग मागून आणली." त्याला राग आला होता आणि रागाला पहिल्यांदा हाताशी लागली ती बॅग. मग त्याने विचारलं, "आणि मी साठला सुटलो की? तुझी आई आणि मी काय करायचं?"

"तुम्ही जा पुण्याला. मी मॅनेज करीन."

"एकटी? या देशात? एकोणीस-वीस वर्षांची मुलगी?"

"कॅनडात एकटीच जाणार होते ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी शोरमाचा कागद उलगडत राहिले. तिचा मुद्दा बरोबर होता आणि तो तिच्या बापालाही कळला होता. कॅनडातला एकटेपणा आम्ही दोघांनी गृहीत धरला होता, कारण तो सगळ्यांच्याच मुलांना असतो.

परतीच्या वाटेवर ती पुन्हा मागच्या सीटवर बसली. एसी पूर्ण होता, बाहेर वाळूवर ऊन पांढरं पडलं होतं. मधेच मागून ती म्हणाली, "डन." मी मागे वळून विचारलं नाही. नवऱ्याने विचारलं, "काय डन?" ती म्हणाली, "नको म्हणून कळवलं."

तो लेन बदलून उजवीकडून सर्वांत डावीकडे गेला, मग पुन्हा परत आला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "साठनंतर वर्ष-दोन वर्षं वाढवून मागावी लागतील. आत्तापासूनच बोलून ठेवतो." मंडळात काय सांगायचं, हेही त्याने विचारलं. मी म्हणाले, कॅनडात सीट मिळाली पण इथेच घेतली, असं सांगा, ते खरंच आहे.

रविवारी मी पुण्याच्या आमच्या फ्लॅटमधल्या भाडेकरूंना फोन केला. त्यांना मी दिवाळीपर्यंत जागा मोकळी करायला सांगितलं होतं, म्हणजे रंगकाम आणि स्वयंपाकघराचं काम करून घेता आलं असतं आणि नवरा सुटेपर्यंत घर तयार झालं असतं. फोन त्या बाईंनी उचलला. त्या म्हणाल्या, "अहो, आम्ही दुसरी जागा बघायला सुरुवात केली होती."

"नका बघू," मी म्हणाले. "राहा अजून."

"किती वर्षं धरून चालू?"

मी दोन म्हणणार होते. मग चार म्हणाले. त्यांना बरं वाटलं, त्यांनी दोनदा आभार मानले. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन डाळ भिजत घातली.