चार मिनिटांची माय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट कळत नाही.

मी फिल्म करते, गोष्ट नसलेल्या. एक माणूस, जागचा न हलणारा कॅमेरा, चार मिनिटं. संगीत नाही, बोलणं नाही. आधी माणूस अवघडतो, मग विसरतो. माठात गढूळ पाणी निवळावं तसा चेहरा निवळत जातो. त्या निवळण्याचं मला वेड आहे. अजूनही.

माझी सगळ्यात वाखाणलेली फिल्म मायची. अकोल्याजवळ आमचा झेंडूचा मळा. ओसरीत माय हार ओवत बसलेली, दुपारचं पिवळं ऊन, भिंतीवर पडद्याची सावली हलतेय. तिसऱ्या मिनिटाला तिचे ओठ हलतात. मग हात थांबतात, आणि शेवटपर्यंत ती निश्चल — पापणीसुद्धा जपून लवते. पुण्यात एका बाईंनी विचारलं, ‘त्या काय म्हणतायत?’ मी म्हटलं, ‘ओवी असेल.’ किती सहज म्हटलं! तेव्हापासून सगळीकडे तेच सांगत आले.

ओवी नव्हती. बाबा जाऊन सहा महिने झाले होते आणि मी दुसऱ्या दिवशी पुण्याला परत निघणार होते. माय म्हणाली होती, ‘पोरी, मले तुयासंग घेऊन चाल. अठी मले करमत नाई.’

आणि मी? असं ऊन पुन्हा मिळेल का — हे माझ्या डोक्यात. खोटं कशाला बोलू, आणखीही एक होतं: आमचं दोन खोल्यांचं घर, आणि त्यात माय. कॅमेऱ्यामागून मी म्हटलं, ‘हालू नको, माय. चालू हाये.’

लग्नानंतर ती अमरावतीला स्टुडिओत एकदा फोटोला बसली होती. हललं की फोटो बिघडतो, हे तेव्हापासून तिच्या मनात पक्कं. लेकीचं काम बिघडू नये म्हणून ती तशीच बसली.

तिनं पुन्हा विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. घरी आल्यावर फिल्ममधला आवाज तेवढा पुसून टाकला. दोन वर्षांनी माय गेली, मळ्यातच, एकटी.

परवा फिल्म पुन्हा दाखवली. शेवटचं मिनिट आलं. फूल अर्धं सुईत तसंच. माय माझ्या उत्तराची वाट बघतेय, आणि मी सांगितलंय म्हणून हलत नाही.