खुर्चीत सांगितलेले सिनेमे

दातांच्या डॉक्टरीणबाईंना सिनेमाचं वेड होतं आणि पाहिलेला सिनेमा सांगण्याचं त्याहून मोठं. घरी मात्र ती सोय नव्हती. नवरा सुरुवातीच्या पाट्या पडत असतानाच घोरायला लागायचा आणि मुलगी म्हणायची, "आई, शेवट सांगू नकोस." मग उरले पेशंट. सुट्टीच्या दिवशी एक जुना आणि एक नवा सिनेमा पाहायचा, आणि आठवडाभर दवाखान्यात त्यावर बोलायचं. पेशंटच्या तोंडात कापसाचे बोळे आणि थुंकी ओढणारी नळी. तो बिचारा "आं" म्हणाला तरी बाई तो होकार धरायच्या. इतक्या वर्षांत कोणी त्यांचं मत खोडून काढलं नव्हतं. त्यामुळे आपल्याला सिनेमा फार छान कळतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली होती.

एकदा कोपऱ्यावरचे बेकरीवाले गाल धरून आले. रूट कॅनाल करायचं ठरलं. दुसऱ्या खेपेला बाई रंगात आल्या. जुना, काळा-पांढरा सिनेमा होता, एका बँडमास्तरांचा. बँड मोडतो, माणसं पांगतात आणि शेवटी म्हातारा रिकाम्या मैदानात एकटाच ट्रम्पेट वाजवत उभा राहतो.

"हरलेला माणूस," बाई म्हणाल्या. "मी तर ढसाढसा रडले."

बेकरीवाल्यांनी हात वर केला. बाईंनी घाईघाईने मशीन थांबवलं, बोळे काढले. "दुखतंय?"

"दुखत नाही. पण मीही पाहिलाय तो. हरला कुठे? हशतोय तो शेवटी." ओठ बधिर असल्यामुळे शब्द बोबडे आले, तरी मत स्पष्ट होतं.

बाईंना मिरच्या झोंबल्या. बोळे पुन्हा कोंबून त्यांनी उरलेलं काम उरकलं. पण डोक्यातून काही ते जाईना. घरी जाऊन त्यांनी तो शेवट पुन्हा लावला, मागे नेऊन नेऊन पाहिला. पुढच्या खेपेला बेकरीवाल्यांना नीट टेकूही दिलं नाही.

"ते हसू नाही. फुंकताना ओठ तसेच ताणले जातात. मी दिवसभर तोंडंच बघते."

"ओठ सोडा हो, डोळे बघा."

"डोळ्यांत तर पाणी आहे."

"मग? हसताना येत नाही?"

बाहेर बसलेले पेशंट दुखणं विसरून कान देऊन ऐकत होते. वाद मिटला नाही, उलट फोफावला. बाईंनी नावाजलेला नवा सिनेमा बेकरीवाले सुनेबरोबर पाहून आले. दोन बहिणी गाडीतून आईचं घर विकायला निघतात, एवढीच गोष्ट. "गाडी थांबते, सुरू होते, कोणी काही बोलत नाही," ते म्हणाले. "माझा पाव फुगायलाही इतका वेळ लागत नाही." बाई मनापासून हसल्या आणि मग तावातावाने त्या बहिणींची बाजू मांडत राहिल्या.

शेवटी दाढेवर टोपी बसली. "झालं. आता यायची गरज नाही," बाई म्हणाल्या. बेकरीवाले काही खुर्चीतून उठेनात.

"पलीकडची दाढ मधूनमधून ठणकते," बेकरीवाले हळूच म्हणाले.

बाईंनी आरसा लावून पाहिलं. "ठणठणीत आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत या. तोंड उघडं ठेवावं लागणार नाही."

तेव्हापासून आठवड्यातून एका दुपारी ते ताजे बन घेऊन येतात आणि बाई चहा टाकतात. परवा तर दोन्ही जोडपी मिळून नव्या सिनेमाला गेली. डॉक्टरीणबाईंचे यजमान नेहमीप्रमाणे झोपले. बाहेर पडल्यावर पायऱ्यांवरच दोघांची जुंपली, तेव्हा बेकरीवाल्यांची बायको शांतपणे म्हणाली, "मला तुमचं दोघांचंही पटत नाही."

बाईंनी तिचा हात धरला. "या की तुम्हीही. सांगा, का नाही पटत?"