इशारा बंद करणाऱ्याने नाव लिहावे

सुलभाताई म्हात्रे यांची आणि माझी पहिली भेट पनवेलच्या एसटी स्थानकामागच्या आमच्या कार्यालयात झाली. मी तेव्हा वारं प्यायलेलं वासरू. "कोड लिहिताना भीती वाटते का?" त्यांनी विचारले. मी छाती काढून नाही म्हणालो. "मग तुझ्यापासून जपून राहावं लागेल," ताई म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

आम्ही रुग्णालयांतल्या औषधाच्या पंपांचे सॉफ्टवेअर लिहितो. शिरेत थेंब थेंब औषध सोडणारा हा पंप चुकला तर काय होते, ते सांगायला नको. म्हणून लिहिलेला कोड न चालवता नुसता वाचून चुका दाखवणारे एक टूल आमच्याकडे आहे. बाजारातल्या त्या टूलला नेहमीच्या चुका कळतात. पण मिलिलिटरच्या जागी मिलिग्रामचा आकडा बसला तर ते गप्प राहते. त्याच्या लेखी दोन्ही आकडेच. ताईंनी त्याला स्वतःचे नियम जोडले. प्रत्येक आकड्याला त्याचे माप चिकटलेले हवे, आणि मापे जुळली नाहीत की लाल इशारा. गव्हाण या त्यांच्या गावी वडील होडी पाण्यात लोटण्याआधी फळीन् फळी बोटांनी वाजवून बघत. तो कान लेकीकडे आला आहे.

इशारे वाढले तशी आम्ही पळवाट काढली. 'याकडे दुर्लक्ष करा' अशी ओळ टाकली की टूल गप्प. ताईंनी त्यावरही नियम लिहिला: ही ओळ टाकणाऱ्याने आपल्या घरातल्या एका माणसाचे नाव सोबत लिहावे, ज्याला हा पंप लावलेला आपल्याला चालेल. काहीजण हसले. एकदा काम सुपूर्द करायच्या घाईत आमचे मॅनेजर स्वतः इशारा बंद करायला बसले. "एक नाव तर टाकायचंय," म्हणाले. बराच वेळ बोटे कीबोर्डवर ठेवून बसले आणि काही न लिहिता उठले. काम उशिरा गेले.

गेल्या वर्षी माझ्या आईला अतिदक्षता विभागात ठेवले. उशाशी पंप आमचाच. इतरांना त्यावर हिरवा दिवा दिसत होता. मला आतल्या ओळी दिसत होत्या. माझ्या नकळत कुणी एखादे नाव लिहिले असेल तर? मी ताईंना फोन केला. त्या रिक्षाने आल्या, शेजारी बसल्या.

"ताई, तुम्हाला नाही ना भीती वाटत?"

"वाटते तर. म्हणून निघायच्या आधी या पंपाचा सगळा कोड पुन्हा तपासला." घाबरल्या की ताईंची गावची बोली वर येते. "कुनाचंच नाव नाय त्यात. तू घाबरूनच बस, पण बस."

त्यांचा हात माझ्याइतकाच गार होता. आई आज घरी आहे.

आता साठी पूर्ण करून ताई निवृत्त होत आहेत आणि आम्ही धास्तावलो आहोत. आमच्या वाटचे भ्यायला यापुढे कोण? म्हणून त्यांना न विचारता त्यांच्या नियमात आम्ही एक बदल केला आहे. इशारा बंद करू पाहणाऱ्याला टूल आता घरच्या माणसाचे नाव विचारत नाही. ते विचारते, 'हा पंप सुलभाताईंना लावाल?'

ताई, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, त्या पंपाशी तुमची गाठ कधीच न पडो. पडलीच, तर निश्चिंत असा. आम्ही घाबरलेले आहोत.