भिंतीवरची वाटी

मंगल गेली हे मला भिंतीवरूनच कळलं. मी दोरीवरचे कपडे काढत होते, तेवढ्यात तिची सून सविता भिंतीपाशी येऊन उभी राहिली. "काकू, आत्या गेल्या," एवढंच म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. मी हातातला टॉवेल परत दोरीवर टाकला, का टाकला कोण जाणे... आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझं तोंड शरमेनं गरम झालं. त्याला आता काही आठवडे झाले. बाजारात, बँकेत, एसटी स्टँडवर कोणी ना कोणी भेटतं आणि म्हणतं, रेहाना मॅडम, तुमची सख्खी बहीण गेल्यासारखंच झालं की. मी मान हलवते. बहिणीशी कोणी असं वागतं का, हे त्यांना कुठं ठाऊक.

लोहाऱ्यात आमची दोन्ही घरं भूकंपानंतर बांधलेली, शेजारी शेजारी, मध्ये कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून काय गेलं नाही? विरजण गेलं, कढीपत्ता गेला, तापात पडलेली माझी मुलं या हातातून त्या हातात गेली. मंगल माझ्यापेक्षा थोडी मोठी. मला भाबी म्हणायची आणि वर तू म्हणायची, त्यामुळं ऐकणाऱ्याला काही पत्ता लागायचा नाही की ही मान देते की काढते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे आणि मुलं माझ्या पाठीमागं मला तवा म्हणायची, कारण मी पटकन तापायचे. मंगलला हे कळलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली होती. "पोरं हुशार हायती," म्हणाली.

रमजान लागला की दुपार कलल्यावर मी स्वयंपाकाला लागायचे. रोज्यात चाखायचं कसं? जिभेच्या टोकावर ठेवून थुंकलं तर चालतं, असं सांगणारेही आहेत; पण माझ्या अम्मीनं कधी तसं केलं नाही, म्हणून मीही केलं नाही. मग एका छोट्या वाटीत चमचाभर कालवण घ्यायचं, भिंतीवर ठेवायचं आणि हाक मारायची. हातातलं काम सोडून मंगल यायची, चाखायची, डोळे मिटून जरा थांबायची, जणू कुठं दूरचं काही ऐकतेय, आणि निकाल द्यायची. चिमूटभर घाल, किंवा लिंबू पीळ, किंवा आज नवरा खूश हुतोय बघ. लग्न होऊन मी या गावात आले त्याच्या पहिल्या रमजानपासून हे चाललं होतं. आमच्या घरी इफ्तारला जो घास घेतला जायचा, त्याचं मीठ आधी मंगलनं बघितलेलं असायचं. मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं, विहिरीला पाणी असतं तसं ते होतं.

एका वर्षी रमजान ऐन मे महिन्यात आला. माझा जुना विद्यार्थी नितीन तेव्हा पुण्यात असायचा. त्यानं आणि त्याच्या मित्रांनी आपल्याकडच्या तलावाकाठी तंबू ठोकून दोन दिवसांचा गाण्यांचा मेळा भरवायचं ठरवलं. पोरंपोरी शहरांतून येणार, तंबूत झोपणार, संध्याकाळपासून गाणी ऐकणार. तिथं ना हॉटेल ना फ्रिज, म्हणून उन्हात टिकेल असं बांधलेलं जेवण हवं होतं. नितीन माझ्याकडं आला, मी मंगलकडं गेले. तिनं लगेच होकार दिला, पण एक अट घातली. "आपून बी एका तंबूत बसायचं, भाबी. गाणं सुरू हुईस्तोवर न्हाय, संपूस्तोवर." तिला गाण्याचं वेड होतं हे मला माहीत होतं, पण ती कुठं जाऊन बसून गाणं ऐकेल, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग आमच्या दोन्ही घरांत कारखाना सुरू झाला. मंगलकडं ज्वारीच्या कडक भाकऱ्या. पातळ थापायच्या, भाजायच्या आणि पार वाळेपर्यंत कापडावर पसरून ठेवायच्या. घाई करून मी एकदा गरम भाकऱ्यांची चवड उचलली तर तिनं माझा हातच धरला. गरम बांधली की भाकरीला घाम फुटतो, म्हणाली, आणि मग मऊ पडून वास मारते. दुसऱ्या दिवसासाठी दुधातल्या दशम्या. शेंगा तिच्या उखळात कुटायच्या आणि पुढची चटणी माझ्याकडं, कारण माझी बाहेरची खोली मोठी. चटणीच्या पुड्या, गुळाचा खडा, कांदा, लोणच्याची फोड, सगळं खाकी कागदात बांधून सुतळीची गाठ. मंगल दिवसभर कुठलं तरी गाणं गुणगुणत होती आणि दर थोड्या वेळानं विचारत होती, तंबूत खाली सतरंजी असती का गं, का आपली न्यायची?

त्याच दिवसांत तुळजापूरहून तिची नणंद राहायला आली होती. बाई कडक. सगळ्यांचं सगळं बघणारी, कोण कोणाच्या घरचं खातं तेही. चटणी तयार झाल्यावर मी नेहमीसारखी वाटी भिंतीवर ठेवली आणि हाक मारली. मंगल आली. मागं ओट्यावर नणंद बाई सुपात डाळ निवडत बसल्या होत्या. मंगलनं चिमूट उचलली, जराशी बाजूला वळली, हात तोंडापर्यंत नेला... आणि मी बघितलं, बोटं ओठांना लागलीच नाहीत. चिमूट खरकट्याच्या बादलीत पडली. मग तिनं माझ्याकडं बघून म्हटलं, "बरोबर हाय."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी बघितलंय हे तिला कळलं, आणि तिला कळलंय हे मला. तिथंच मी काही बोलले असते तर बरं झालं असतं. भांडले असते तरी चाललं असतं. निदान दुसऱ्या कोणाला बोलावून चाखवायला हवं होतं. घरात माझा मुलगा इम्रान होता, त्याचा काही रोजा नव्हता, त्याला ताप आलेला. पण तवा तापला होता. मी मनात म्हटलं, बरोबर आहे ना, मग बरोबरच असेल. आणि ती चटणी तशीच पुड्यांत बांधली, एकेक गाठ आवळून. लोक समजतात की त्या दिवशी चूक झाली. चूक नव्हती ती. बिघडलेलीच निघू दे, असं मला वाटत होतं.

टेम्पोतून पुडे घेऊन आम्ही तलावावर पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. रंगीत तंबू, दोऱ्यांना बांधलेले दिवे, गिटारी लावत बसलेली पोरं. मंगलनं नवी साडी नेसली होती आणि सतरंजी काखेत होती. वाटेत आम्ही फारसं बोललो नव्हतो. अजानची वेळ झाली तशी मी पाण्याशी बसून खजूर खाल्ला, पाणी प्याले, आणि भाकरीच्या तुकड्यावर चटणी घेऊन पहिला घास घेतला. तोंड पोळलं. मीठ, नुसतं मीठ. उखळात तिनं घातलं होतं, नंतर मीही घातलं होतं, आणि चाखलं कोणीच नव्हतं. तोवर पलीकडं पोरं थुंकायला लागली होती, पाण्याच्या जारभोवती गर्दी झाली होती. नितीन आला, तोंड उतरलेलं. रागावला नाही, तेवढा तो सभ्य. त्यानं इतकंच विचारलं, "मॅडम, मीठ कुणी बघितलं होतं का?"

मी खाली बघत होते. तोंडात अजून तो घास होता. मंगल पुढं झाली. "म्या बघितलं व्हतं. माझीच जीभ गेली बाबा. भाबीला काय बोलू नकोस, तिचा रोजा हाय."

पोरांनी गूळ आणि कांद्याशी भाकऱ्या खाल्ल्या, कोणाचं काही अडलं नाही. एवढ्यात पहिलं गाणं सुरू झालं. मला वाटलं आता मंगल सतरंजी पसरेल. ती म्हणाली, "चल, घरी जाऊ." परतीच्या टेम्पोत गाण्याचा आवाज बराच वेळ मागून येत होता. मंगल सतरंजी मांडीवर घेऊन बसली होती आणि मी दुसरीकडं तोंड करून. पुढं त्या पोरांचा मेळा दुसरीकडं भरायला लागला. मंगल तंबूत बसली नाही ती नाहीच.

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं असं नाही. बंद झालं असतं तर लोकांनी मध्ये पडून मिटवलं तरी असतं. विरजण जात राहिलं, कढीपत्ता येत राहिला. फक्त पुढच्या रमजानला वाटी भिंतीवर गेली नाही. मी अंदाजानं मीठ घालायला लागले. दुपार कलली की मंगल अंगणात यायची, भिंतीजवळ काहीतरी करत राहायची, मोरी धुवायची, धुतलेलीच परत धुवायची. मी खिडकीतून बघत असायचे. बघत असायचे आणि फोडणी द्यायचे... फोडणीचा वास तिच्यापर्यंत जातोय हेही मला कळत होतं. कसलं हे मन म्हणायचं?

त्या ईदला तिची नणंद पुन्हा आलेली होती. मी शिरखुर्मा पाठवला. मंगल वाडगा घेऊन घरात गेली नाही. रस्त्यावरून दिसेल अशी ओट्यावर बसली, नणंदेच्या समोर, आणि चमच्यानं खरवडून खरवडून सगळा खाल्ला. मग भिंतीशी येऊन मोठ्यानं म्हणाली, "भाबी, अजून दे की." मी दिला. ती काय करतेय हे न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. त्या बाईच्या समोर असं बसायला मंगलला काय करावं लागलं असेल, तेही मला कळत होतं. तरी पुढच्या रमजानला मी वाटी ठेवली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. पुढं पुढं तर राग कशाचा तेही आठवेना, नुसती सवय उरली. तिच्याकडून एकदा घडलं, तेही कोणाच्या तरी भीतीनं. माझं मात्र वर्षानुवर्षं चाललं, आणि मला कोणाची भीती नव्हती.

मग तिच्या किडन्या बिघडल्या. सोलापूरच्या फेऱ्या झाल्या, मीठ बंद झालं. शेवटी शेवटी ती बाजेवरच असायची. मी रोज जाऊन बसायचे. एक दिवस इम्रान हैदराबादला निघाला होता म्हणून मी चटणी केली आणि तशीच, हाताला वास घेऊन, तिच्याकडं गेले. तिला लगेच कळलं.

"शेंगाची चटणी केलीस व्हय? आण की वाटीत जराशी. मीठ बघते."

"वेडी आहेस का? तुला मीठ बंद आहे."

"खात न्हाय गं. बघते नुसतं."

मी तिच्या हातावर थोपटलं, डॉक्टर ओरडतील म्हटलं, शाळेतल्या पोराला गप्प करावं तसं तिला गप्प केलं. ती हसली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. घरी आल्यावर चटणी डब्यात भरताना कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिला चटणी नको होती. तेव्हाच उलटपावली गेले असते तर? पण इम्रानची बस होती, बॅग भरायची होती, आणि उद्या जाऊच की असं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिला सोलापूरला नेलं. त्यानंतर सविता भिंतीपाशी आली ती थेट ते सांगायला.

रमजान सरकत सरकत आता फाल्गुनात आलाय. पहिल्या रोज्याला मी डाळ-दुधीचा दालचा केला. दुपार कलली, गॅस बारीक केला, आणि कसं कोण जाणे, हातानं आपोआप छोटी वाटी काढली, चमचाभर दालचा घेतला आणि नेऊन भिंतीवर ठेवला. हाक तेवढी तोंडातून निघाली नाही. थोड्या वेळानं सविता बाहेर आली. गुणी पोर आहे, सासूचं सगळं केलं तिनं. वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "काकू, हे कशाला ठेवलंय?" तिला माहीत असायचं कारणच नव्हतं. ती लग्न करून या घरात आली त्याच्या आधीच मी ते बंद केलं होतं. सासूनंही तिला कधी सांगितलं नसावं. काय सांगणार होती?

"गार व्हायला ठेवलंय," मी म्हणाले आणि वाटी उचलून आत आणली.

संध्याकाळी सगळे जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानवर बसलो. रमजानसाठी हैदराबादहून आलेल्या इम्राननं पहिला घास घेतला आणि थांबला. दालच्यात मीठच नव्हतं. "अम्मी," त्यानं विचारलं, "आज नमक कौन देखा?" त्या दिवशी तलावाकाठी हाच प्रश्न आला तेव्हा माझ्यासाठी मंगल पुढं झाली होती. मी खाली बघत राहिले. या वेळी कोणी पुढं झालं नाही.