व्याह्यांना पांधनीनं नेलं त्याची गोष्ट

आमच्या व्याह्यांचं आणि माझं सहा वर्षं बोलणं नव्हतं, आणि त्यावाचून आम्हा दोघांचंही काही अडलं नव्हतं.

अडलं ते माझ्या पोरीचं, शारदाचं. सासर अकोल्याला, माहेर मोझरीच्या पलीकडं. दिवाळीला यायची ती एकटी आणि जायची ती रडत. भांडणाचं कारण म्हणाल तर तिच्या लग्नाच्या पंगतीतली वांग्याची भाजी. व्याही म्हणाले, "भाजी जरा पाणचट झाली." माझ्या वावरातली वांगी! मी म्हणालो, "अकोल्याचं खारं पाणी पिऊन तुमची जीभच बसली, तिले काय चव कळनार?" एवढंच. (शारदाची आई म्हणते की एवढंच नव्हतं. असेल. मला एवढंच आठवतं.)

गेल्या हिवाळ्यात शारदानं डोकं लढवलं. व्याही म्हणजे रिटायर हेडमास्तर. दोन वर्षांमागं त्यांच्या काळजात डॉक्टरनं स्प्रिंग टाकली आणि सांगितलं, हळूहळू सायकल चालवा, पण गाड्याघोड्यांच्या रस्त्यावर नको. त्यांनी एकवीस गेअरची सायकल घेतली. मी तर जन्मापासून सायकलवरच आहे. बावीस इंची, काळी, मागं वांग्याचं पोतं. तेव्हा शारदानं ठरवलं की दोन्ही म्हाताऱ्यांनी संत्र्याच्या बागांमधून सायकलनं कौंडण्यपूरला जायचं. बाकीच्यांनी गाडीनं पुढं जाऊन वर्धेच्या काठावर गोवऱ्या पेटवून कणकेचे रोडगे भाजायचे. दुपारी सगळ्यांनी एका पंगतीत बसायचं.

"आबा," ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "हायवेनं जाऊ नका. मामाजीले दम लागते. आन् हात जोडते, भांडू नका. आज बिनसलं तं मी पुन्हा जुळवनार नाही."

"मी कायले भांडू? मी भांडतो का कधी?"

ती गोवऱ्यांचं पोतं उचलून गाडीकडं गेली. बापाचा मान ठेवणारी पोर आहे.

व्याही आले ते डोक्यावर अर्ध्या टरबुजासारखी टोपी घालून. हँडलवर फोन बांधलेला, आणि त्या फोनमधली एक बाई रस्ता सांगत होती.

"व्याहीबुवा, हा फोन कालव्याच्या रस्त्यानं चला म्हणतो," ते म्हणाले. सहा वर्षांतलं पहिलं वाक्य!

कालव्याचा रस्ता चांगला आहे, हे मला माहीत होतं. पण माझ्या गावात माझ्या व्याह्याला रस्ता दाखवणारी ही बाई कोण?

"तिले काय कळते?" मी म्हणालो. "ते कधी आलती इकडं? आपन पांधनीनं जाऊ. दोन वावरांच्या मधून जुना बंडीरस्ता हाय. सावलीच सावली! चाळीस वर्षं बैलबंडी हाकलली मी त्याच्यावरून."

"अलीकडं गेले होते का?"

"पांधन काय पाय लावून पळून जाते?"

त्यांनी फोन बंद केला. आता वाटतं, तिथंच हात धरायला पाहिजे होता त्यांचा.

पहिला अर्धा तास मात्र असा गेला, की मी मनातल्या मनात शारदाला दोनदा शाबासकी दिली. दोन्ही बाजूंना झाडं फळांनी वाकलेली, हवेत संत्र्याचा वास, अन् गाडीचा आवाज म्हणून नाही. व्याही म्हणाले, "काय शांत आहे हो!" मी म्हणालो, "म्हनूनच आनलं." जशी काही ती शांतता मीच पेरली होती!

मग उतार लागला. खाली नाला. व्याह्यांनी ब्रेक दाबला, त्यांची सायकल थांबली. मीही दाबला. माझी सायकल नाल्याच्या मधोमध जाऊन थांबली.

"लागलं का?" व्याही काठावरून ओरडले.

"कायचं लागते? पानी किती खोल हाय ते पाहून राहिलो!"

"किती आहे?"

"गुडघाभर," मी बसल्या बसल्या सांगितलं.

त्यांची सायकल आम्ही दोघांनी उचलून पार केली. पलीकडं चढून आलो तर समोर डोक्याएवढी तूर. पांधन नाही! धुरा, म्हणजे मधला बांध, इतका बारीक झालेला, की त्यावरून मुंगळ्यानंही एका बाजूला होऊन जावं. तेवढ्यात व्याह्यांच्या बोटाएवढ्या टायरमध्ये बाभळीचा काटा घुसला आणि फुस्स झालं. घामानं त्यांचा चेहरा लाल झाला होता, माझा रागानं.

"पाह्यलं? पाह्यलं हे?" मी सुरू झालो. "हे तुरीवाले! दर साली नांगराची एक रेघ सरकवते, धुरा कोरते अन् रस्ता खाते! गावाचा रस्ता! याच्या बापानं ठेवला होता का? असा मानूस अन्न कसं गिळत असन? याले तं चौकात उभं करून—"

"जाऊ द्या, व्याहीबुवा."

"काहून जाऊ द्या? रस्ता खानाऱ्याचं तोंड पाहू नये मानसानं!"

असं अर्धा फर्लांग चाललं. दोन सायकली ओढत, तुरीतून वाट काढत, मी जगातल्या समस्त रस्ता खाणाऱ्यांचा उद्धार करत होतो. व्याही शाळेतल्यासारखी मान हलवत होते. मला चेव आला होता. तूर संपली आणि पुढं तारेचं कुंपण आडवं आलं.

मी सायकलची घंटी पुसायला लागलो.

कुंपणावर पत्र्याची पाटी होती. व्याह्यांनी चष्मा नीट केला आणि हेडमास्तरी आवाजात वाचायला सुरुवात केली, "परवानगीशिवाय आत येऊ नये." खाली नाव होतं. ते वाचून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"हे तर..."

"मले चष्म्याबिगर दिसत नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात आतून, संत्री तोडणारी कौसाबाई झाडावरून ओरडली, "आबा! तुमी मांगून काहून आले? दरवाजा तं तिकडं हाय नं! आन् कपडे कायनं भिजले?"

आता खरं सांगतो. पांधनीच्या एका अंगाला माझी बाग, दुसऱ्या अंगाला तुरीवाल्या नामदेवचं वावर. कुंपण घालताना मी फक्त अर्धी पांधन आत घेतली होती. संत्र्याची एकच रांग बसवली. अर्धी गावाला ठेवली, प्रामाणिकपणे! तिकडून नामदेवनंही फक्त अर्धीच घेतली. दोघांनी दोन अर्ध्या ठेवल्या होत्या, पण शिल्लक एकही नव्हती. आणि मी तर नेहमी पुढच्या दरवाजानं जाणारा. मागं येऊन बघतो कोण?

व्याही मटकन धुऱ्यावर बसले. हात छातीवर, मान खाली, अंग थरथरत. पोरीचा सासरा, काळजात स्प्रिंग, आणि मी त्याला कुठं आणून बसवलं? आता शारदाला तोंड कसं दाखवू?

"व्याहीबुवा! ओ व्याहीबुवा! कौसे, पानी आन! चूक झाली, व्याहीबुवा, पन असं करू नका!"

त्यांनी मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माणूस हसत होता! आवाजच फुटत नव्हता, इतका हसत होता.

"मी... मी ठीक आहे," ते कसेबसे म्हणाले. "तुम्ही काय म्हणत होते, चौकात उभं करून पुढं काय करायचं?"

कौसाबाईनं तार वर धरली, आम्ही रांगत आत गेलो. तिनं संत्री सोलून दिली. व्याह्यांनी पाच खाल्ली, बेकायदेशीर रांगेतलीच. नंतर संत्र्यांचे क्रेट नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आम्ही दोघं आणि दोन सायकली बसलो. ट्रॅक्टर गेला कुठून? तर थेट हायवेनं! ट्रक भोंगे वाजवत जात होते आणि टरबुजी टोपीवाले हेडमास्तर क्रेटवर बसून सगळ्यांना हात दाखवत होते.

नदीकाठी पोचलो तर रोडगे गार झालेले आणि शारदा तापलेली.

"आबा, काय केलं तुमी? ट्रॅक्टर कायले? मामाजी, तुमी सांगा!"

मी नदीकडं पाहू लागलो. सहा वर्षांचं उट्टं काढायला याच्याहून चांगली संधी कोणाला मिळत नाही. व्याही म्हणाले, "काही नाही गं, काटा घुसला. बाकी रस्ता नंबर एक होता."

पंगत बसली. तूप सोडलेला रोडगा मी नुसता कुस्करत बसलो. त्यांनी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो आणि पोटभर जेवलो असतो. पण हा माणूस गप्प बसून वरण भुरकत होता! शेवटी मीच हातातला घास ठेवला.

"काट्याचं सोडा. पांधनच नाही तिथं. मी खाल्ली. अर्धी," मी म्हणालो. "पुढच्या साली व्याहीबुवाले त्याच पांधनीनं आननार. नाही आनलं तं मले विचारा!"

"आन् झाडं?" शारदाची आई ओरडली.

सगळे माझ्याकडं पाहत होते. बोललो ते बोललो. मी कधी शब्द मागं घेतला नाही, म्हणूनच तर आयुष्यभर अडचणीत आहे.

फळ उतरल्यावर बत्तीस झाडं काढली. शारदाच्या आईनं चार दिवस माझ्याशी अबोला धरला. नामदेवनंही त्याचा भाग सोडला (मला एकट्याला शाल मिळेल, हे त्याला सहन झालं नसतं). ग्रामपंचायतीनं मुरूम टाकला, आणि या हिवाळ्यात रस्ता सुरू करायला मांडव घातला. व्याही अकोल्याहून सायकल घेऊन आले, पहिल्या रांगेत बसले. सरपंचानं माझ्या अंगावर शाल टाकली आणि माइकवर सांगितलं की गावासाठी स्वतःची जमीन देणारा असा दानशूर माणूस या तालुक्यात दुसरा नाही.

टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली. लोक म्हणाले, काय नम्र माणूस! मी फक्त पहिल्या रांगेकडं बघत नव्हतो.