नऊ कारखान्यांचं एक नाक

मावशीच्या घरात खोटं बोलून कुणाचा निभाव लागत नसे. यजमान बाहेरून आले की चप्पल काढायच्या आत ती सांगून मोकळी व्हायची, की तुम्ही आधी न्हाव्याकडे गेलात, मग कुणाकडे तरी चहा झाला, आणि चहा पाजणारा सिगरेट ओढत होता. यजमानांनी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ठरवून टाकलं होतं, की या बाईशी खरं बोललेलंच सोपं पडतं.

हे नाक तिला देवानं दिलं असलं, तरी त्याला वळण लावलं ते शहराच्या दूध डेअरीनं. चौतीस वर्षं मावशी तिथं दूध घेण्याच्या फलाटावर उभी होती. सकाळी गाड्या लागायच्या, कॅनची झाकणं एका ओळीत उघडली जायची, आणि मावशी हात मागं बांधून ओळीतून चालायची. प्रत्येक कॅनपाशी जरा वाकायचं, एक श्वास घ्यायचा, एक शब्द बोलायचा. ‘घ्या’ किंवा ‘परत’. तिसरा शब्द नाही. पहिल्याच दिवशी जुन्या मुकादमानं तिला बजावलं होतं, की कारण कधी सांगायचं नाही. किंचित आंबूस आहे म्हटलं की गाडीवाला विचारणार, किंचित म्हणजे किती? मग त्या वादातच दूध नासणार. मावशीनं हे ऐकलं ते आयुष्यभरासाठी. गाडीवाले तिला मनातल्या मनात शिव्या देत, पण ‘परत’ म्हटलेला कॅन पुन्हा पुढं ढकलण्याची छाती एकाचीही नव्हती.

मग डेअरीनं यंत्र आणलं. यंत्र मावशीपेक्षा हुशार होतं असं नाही, पण ते कागद काढायचं, आणि साहेब लोकांचा नाकापेक्षा कागदावर विश्वास. निरोपाच्या समारंभात मावशीला भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि तिच्याबद्दल चार बरे शब्द बोलले गेले. त्या यंत्राला अमुक वास कळतो का, तमुक कळतो का, असं तिला कुणीच काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की कळत नाही.

त्यानंतरचं वर्ष शेजाऱ्यांना जड गेलं. रिकामं नाक फार वाईट. मावशी जिन्यातून जाता जाता कुणाचा गॅस गळतोय, कुणाचं फडकं वाळलेलं नाही, कुणी डाएट सोडलंय हे मोठ्यानं सांगत जायची. लोक तिला बघून दारं लावून घेऊ लागले. तिला ते कळत होतं. आपण आता कुणाच्या कामाच्या नाही, हे तिला रोज सकाळी गाड्या लागण्याच्या वेळेला न चुकता आठवायचं.

आणि नेमका त्याच सुमारास शहराला बिअरचा नाद लागला. गाव ते केवढं! दोन सिग्नल आणि एक उड्डाणपूल, तोही अर्धवट. पण बघता बघता तिथं बिअरचे नऊ छोटे कारखाने उभे राहिले. दंतवैद्यानं दवाखान्याच्या मागं टाक्या बसवल्या. मोटार ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यानं गॅरेज रिकामं केलं. केस कापायला बसावं तर न्हावी बिअरमध्ये घालायची हॉप्सची फुलं कडू हवीत की सुगंधी यावर मत विचारायचा, आणि मानेवर वस्तरा असताना माणूस त्याच्याशी सहमत व्हायचा. मावशीच्या बहिणीच्या मुलानं तर कॉम्प्युटरची नोकरी सोडून टायरच्या जुन्या शेडमध्ये कारखाना थाटला. त्याला सगळं येत होतं, फक्त बारा महिने सर्दी असायची. म्हणजे आंधळ्यानं चष्म्याचं दुकान काढावं, तसला प्रकार.

एके दिवशी मावशी त्याला जेवणाचा डबा द्यायला शेडवर गेली. ती आत आलीसुद्धा नव्हती. दारातूनच म्हणाली, ‘‘ती तिसरी टाकी. परत.’’

भाच्यानं ती टाकी आदल्या दिवशीच चांगली म्हणून पास केली होती. पण मावशीशी वाद घालायची घरात पद्धत नव्हती. त्यानं झाकण उघडून बघितलं, तर आतली रबराची रिंग कुजलेली. दुसऱ्या दिवसापासून मावशीला शेडमध्ये पांढरा एप्रन आणि स्टूल मिळालं. महिन्याभरात दंतवैद्य आला, मग ड्रायव्हिंगवाला आला, आणि वर्ष संपायच्या आत नऊच्या नऊ कारखान्यांना मावशीचं नाक लागू लागलं. दर गुरुवारी ती यजमानांच्या स्कूटरवर मागं बसून फेरीला निघायची. बिअरचा थेंब तिनं कधी जिभेवर ठेवला नाही. झाकण उघडायचं, वाकायचं, एक श्वास, एक शब्द. कारण नाही. अट्टल पिणारी माणसं त्या शब्दासाठी शाळेतल्या पोरांसारखी हात बांधून उभी असत, आणि मावशी पुन्हा दहा वर्षांनी लहान दिसू लागली.

हळूहळू सगळ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. टाकी दहाव्या-अकराव्या दिवसापर्यंत ठेवायची काही गरज नव्हती. मावशी आठव्याच दिवशी ‘घ्या’ म्हणायची, आणि तेही बाकीच्या दिवसांपेक्षा जास्त मन लावून. दोन-तीन दिवस वाचले तर कुणाला नको आहेत? पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, शहरातली बिअर आठव्या दिवशी बाहेर पडू लागली.

वर्षातून एकदा नऊ कारखान्यांची स्पर्धा असे. त्या वर्षी पहिल्यांदाच बाहेरगावाहून परीक्षक बोलावले. रविवारी सकाळी दहाला बॅडमिंटनच्या हॉलमध्ये टेबलं मांडली, नऊ कारखान्यांच्या मिळून एकवीस बिअरचे ग्लास ओळीनं ठेवले. मावशी नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. शेजारी भाचा, नाक ओढत. नऊही कारखान्यांचा माल आपल्या हाताखालून, खरं तर नाकाखालून गेलेला, त्यामुळे बक्षीस कुणालाही मिळालं तरी ते आपलंच, असा तिचा साधा हिशेब होता.

मुख्य परीक्षक हा काटकुळा, सावकाश बोलणारा गृहस्थ होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, की एकवीसपैकी सतरा ग्लासांना एकच वास येतो आहे. लोण्याचा.

मावशी ताठ बसली. चौतीस वर्षांत लोण्याच्या वासासारखी दुसरी शाबासकी तिला ठाऊक नव्हती. ज्या दुधाला तो वास, त्या दुधाची गाडी पहिली आत. तिनं डावीकडे वळून दंतवैद्याकडे मान हलवली, उजवीकडे वळून ड्रायव्हिंगवाल्याकडे हसून बघितलं, आणि मागच्या रांगेतल्या दोघांना हातानंच ‘असू द्या, असू द्या’ अशी खूण केली. टाळ्या का पडत नाहीत हे तिला समजेना.

‘‘त्यामुळे,’’ परीक्षक म्हणाला, ‘‘यंदा पहिलं बक्षीस देता येणार नाही.’’

हॉलमध्ये कल्लोळ उठला. मावशीनं भाच्याला कोपरानं ढोसून विचारलं, की हा माणूस बरा आहे ना? तेव्हा भाच्यानं तिला हळू आवाजात सांगितलं. बिअरमध्ये लोण्याचा वास हा दोष. यीस्टचं काम अर्धवट राहिलं की तो येतो. टाकी आणखी दोन-तीन दिवस ठेवली, की यीस्ट तो वास आपण होऊन खाऊन टाकतं.

मावशीचे कान गरम झाले. आठवा दिवस म्हणजे लोण्याचा वास सगळ्यात भरात असलेला दिवस. आणि त्याच दिवशी ती मन लावून ‘घ्या’ म्हणत आली होती, वर्षभर, नऊ कारखान्यांत.

पण तिच्यावर कुणाला संशयही आला नाही. नाचता येईना अंगण वाकडं! दंतवैद्य ओरडला की हे पाण्यामुळे. सतरा ग्लासांत सारखा दोष म्हणजे पाणीच, दुसरं काय? सगळ्यांना ते एकदम पटलं. पाणी खात्याचा इंजिनिअर बिचारा फुकटची बिअर प्यायला येऊन बसला होता, त्याला सगळ्यांनी घेरलं. तो शपथेवर सांगत होता की पाण्यात लोणी नाही. त्याच्याविरुद्ध तक्रार लिहायला कागद आला, पेन आलं, सह्या सुरू झाल्या. भाच्यानंसुद्धा सही केली.

मावशी गप्प बसली असती तर गोष्ट तिथंच मिटली असती. पुढच्या गुरुवारी ती कुणाला कारण न सांगता दोन दिवस थांबायला लावू शकली असती, एप्रन राहिला असता, स्टूल राहिलं असतं. हे सगळं तिनं बसल्या जागी मोजून पाहिलं. पुन्हा ते जिने, पुन्हा ती रिकामी सकाळ तिला डोळ्यांसमोर दिसली आणि तिला मनापासून भीती वाटली. पण समोर तो इंजिनिअर रुमालानं कपाळ पुसत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचं तिच्याच्यानं होईना. ती उठली.

‘‘पाण्याला काही झालेलं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘लोणी मला आवडतं म्हणून मी ते पास केलं. मला वाटलं, तुम्हालाही तेच हवंय.’’

परीक्षकानं जरा अविश्वासानंच विचारलं, की बाई, तुम्हाला हा वास टाकीतच कळला होता? मावशी टेबलापाशी गेली. हात मागं बांधून ओळीतून एकदा चालली आणि बोटानं दाखवत गेली. याला सगळ्यात जास्त, मग याला, मग त्या कोपऱ्यातल्याला, या चारांना अजिबात नाही. परीक्षक आपल्या कागदाकडे बघत राहिला. तिघा परीक्षकांनी दोन तास भांडून जो क्रम लावला होता, तो या बाईनं चालता चालता सांगितला होता. फक्त एका ठिकाणी फरक होता, आणि तिथं त्यानं गुपचूप आपला आकडा खोडला.

पण मावशीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती भाच्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, की गुरुवारी एप्रन धुऊन पाठवते, स्टूल तुझंच आहे. आवाज सरळ ठेवायचा तिनं पुष्कळ प्रयत्न केला, पण ‘स्टूल’ म्हणताना तो हललाच.

भाच्यानं तक्रारीचा तो कागद ओढून घेतला, उलटा केला, आणि पेन उघडलं.

‘‘मावशी, मी तुला नेहमी ‘घेऊ का’ एवढंच विचारत आलो,’’ तो म्हणाला. ‘‘तुला वास काय येतो, हे एकदाही विचारलं नाही. आता सांग. सगळं सांग.’’

चौतीस वर्षं आणि वर हे एक, एवढ्या काळात हा प्रश्न तिला कुणी केलाच नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदरानं टिपलं आणि खुर्ची ओढून टेबलापाशी बसली. पहिला ग्लास हातात घेतला. सुरुवातीला शब्द अडखळत आले, मग येतच राहिले. ओल्या पुठ्ठ्याचा, उन्हात राहिलेल्या चादरीचा, शाळेच्या नव्या वहीचा, पिकायला लागलेल्या पेरूच्या देठाकडचा. दंतवैद्यानं खुर्ची जवळ आणली, परीक्षकानंही आणली, इंजिनिअर मागं उभा राहून ऐकू लागला. भाचा मान खाली घालून लिहीत होता. पहिल्या ग्लासालाच वीस मिनिटं लागली, आणि अजून वीस ग्लास बाकी होते.