पर्याय झाकून

विक्रोळीच्या अभ्यासिकेत ती माझ्यासमोर बसायची. पन्नाशीची असेल. सकाळची ड्युटी संपवून सिक्युरिटी गार्डच्या गणवेशातच यायची. मराठी एम.ए.च्या प्रवेश परीक्षेला आम्ही दोघीही बसणार होतो. मी दुसऱ्यांदा, कारण आदल्या वर्षी कवितेच्या प्रश्नांनीच माझी वाट लावली होती. अलंकारांच्या व्याख्या मात्र मला तोंडपाठ होत्या.

तिची एक सवय होती. सरावाच्या प्रश्नपत्रिकेत कविता आली, की खालच्या चारही पर्यायांवर ती तळहात ठेवायची आणि ओठ हलवत कविता तीनदा वाचायची.

एकदा न राहवून मी म्हणाले, "मावशी, वेळ कशाला घालवता? 'घर आता माझ्याशी बोलत नाही.' घर माणसासारखं वागतंय, म्हणजे चेतनगुणोक्ती. संपलं!"

"बरोबर आहे गं. पण घर बोलत का नाही?"

मी ती ओळ पुन्हा वाचली.

"त्यातलं बोलणारं माणूस गेलंय. आधी कवीला काय दुखतंय ते बघ. अलंकार कुठे पळून जात नाही."

त्या दिवसापासून मीही पर्याय झाकायला लागले.

परीक्षा सुटल्यावर फाटकापाशी सगळे उत्तरं ताडून बघत होते. माझा पेपर चांगला गेला होता, याची मला खात्री होती. ती सावकाश जिना उतरून आली.

"मावशी, किती बरोबर येतील?"

"येतील की. पण कविता काय झकास होती, ना?"

परीक्षेतली कविता आवडूही शकते, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

"हो," मी म्हणाले, "खूप आवडली."